चोरमिनिटं

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला कुणीतरी आमचं पान उघडलं. आमचं म्हणजे ऑफिसचं नव्हे. ऑफिसची दोन लाखांवर पानं आहेत आणि ती दिवसभर कुणी ना कुणी उघडतच असतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मुलीचं: आम्ही राहतो ते शहर आणि लग्नानंतर सात वर्षं ती राहिली ते शहर, या दोहोंमधलं अंतर सांगणारं. आमचा धंदाच तो आहे. जगातली कुठलीही दोन शहरं सांगा, त्यांच्यात हवेतून किती किलोमीटर आणि विमानाला किती वेळ, ते आम्ही सांगतो. पूर्वी याचं उशीएवढं जाड पुस्तक निघायचं, आता वेबसाइट आहे. आकडे यंत्र काढतं, मी तपासतो. एकतीस वर्षं तपासतोय. ऑफिसात मला मिनिटकाका म्हणतात, तोंडावरच म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तर त्या पानाकडे वर्षभरात पन्नासएक लोक फिरकत असतील. त्यांच्या नोंदी मी अधूनमधून बघतो, रिकामपणी खिडकीतून रस्ता बघावा तशा. सोमवारच्या ओळीत वेळ होती, शहरांची जोडी होती, आणि शेवटच्या रकान्यात बघणारा कुठल्या गावात बसलाय ते होतं. तेच शहर. तिकडचंच. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा, पण मी चहा प्यायलो आणि कामाला लागलो.

मंगळवारी पुन्हा ओळ होती. नऊ बेचाळीस. बुधवारी नऊ अडतीस. इथे नऊ चाळीस म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात चाळीस, हे मला काढावं लागत नाही. सात वर्षं मी दोन घड्याळं डोक्यात घेऊन हिंडलो आहे. भाजी घेताना, दाढी करताना, बसमध्ये उभ्याउभ्या, आता तिकडे दिवे लागले, आता तिकडे निजानीज झाली. सात चाळीस म्हणजे जावई कामावरून घरी येऊन कपडे बदलून बसण्याची वेळ. ते घर मी फोनच्या पडद्यावर पाहिलंय, पंचाहत्तर टक्के तरी पाहिलंय, कारण बयो बोलताना फोन घेऊन हिंडायची आणि तिच्या मागून एकेक भिंत जायची. खिडकीला लागून लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला तो बसायचा, हात वर करून मला नमस्कार करायचा, चांगलं बोलायचा. बाबा, तब्येत सांभाळा. बाबा, थंडी आहे का तिकडे. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला त्या काळात काही सापडलं नसतं. आता त्या टेबलाशी तो एकटा बसलाय, घरात बायको नाही, मूल नाही, आणि रोज संध्याकाळी सात चाळीसला तो अंतर बघतो. बारा हजार चारशे अठरा किलोमीटर. आजचं उद्या बदलत नाही, तरी रोज बघतो. असा माणूस अंतर कशाला बघत असेल, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

बयो म्हणजे माझी मुलगी. चार महिन्यांपूर्वी ती आली, कडेवर चार वर्षांची गोटी, एक बॅग, आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. मी म्हणालो, बाप रे, आणि त्या हातानं तू पंधरा तास वीस मिनिटं बसलीस? हे मी खरंच म्हणालो. विमानतळावर, लोक आमच्या दोन्ही बाजूंनी ढकलगाड्या नेत असताना. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, हो बाबा, पंधरा वीस. घरी आल्यावर तिनं सांगितलं की आता इकडेच राहणार आहे, आणि तिकडचा फोन बंद करून कपाटात टाकलाय, आणि त्याबद्दल आत्ता नको. मी आत्ता नको हे शब्द अक्षरशः पाळले. आत्ता नव्हतंच, नंतर काढलं नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो, डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं ते कापलं, आतून हात बारीक आणि पांढरा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडल्यावर असं मोडत नाही सहसा. हे त्या बयोला म्हणाल्या, पण बघितलं माझ्याकडे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणालो, पार्किंगची वेळ संपत आली, मी गाडी काढतो.

आता पानाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंतर दोन्हीकडून सारखंच असतं, म्हणून आमच्याकडे शहरांची जोडी एकदाच नोंदतात. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे यांचं एकच पान. वेळ मात्र सारखी नसते. उंचावर वारा बाराही महिने एकाच दिशेनं वाहतो. तिकडे जाताना तो पाठीवर असतो, येताना तोंडावर. जायला तेरा तास पन्नास मिनिटं, यायला पंधरा तास वीस. बयोच्या लग्नानंतर तिला विमानतळावर पोचवायला गेलो तेव्हा मी जावयाला हेच ऐकवलं होतं, जाणं सोपं आहे हो, येणं जड. सगळे हसले. तिच्या आईला ते लागलं.

दुसरी गोष्ट चोरमिनिटांची. आमची पानं लोक उचलतात. दुसऱ्या कंपन्या रातोरात सगळे आकडे उतरवून आपल्या नावावर खपवतात, आणि आकडा कुणाच्या बापाचा नसतो, त्यामुळे सिद्ध काही करता येत नाही. म्हणून आम्ही काही पानांवर मुद्दाम एखाद-दुसरं मिनिट चुकीचं पेरतो. तेच चुकीचं मिनिट दुसऱ्याच्या पानावर दिसलं की चोर सापडला. याला आम्ही चोरमिनिटं म्हणतो. ती कुठे पेरायची हे माझं काम, यादी फक्त माझ्याकडे आणि साहेबांकडे. विमान कंपन्या वेळ नेहमी पाचाच्या पटीत सांगतात, पन्नास, पंचावन्न, वीस. मी पेरतो ते विषम असतं. बयो तिकडे गेली त्या आठवड्यात मी तिच्या पानावरही एक पेरलं. जाण्याच्या वेळेत, पन्नासचे सत्तावन्न केले. सातच का, तर तिचा जन्म सात तारखेचा. म्हातारपणी माणूस अशी पोरकट कामं करतो, आणि कुणाला सांगत नाही. तेरा तास सत्तावन्न मिनिटं हा आकडा अख्ख्या जगात फक्त त्या एका पानावर आहे. यायची वेळ मी खरी ठेवली होती. ती कधीही निघाली तरी तिला खरी वेळ मिळावी, असं काहीसं मनात असणार.

रविवारी ओळ नव्हती. सोमवारी पुन्हा आली. आता माझं लक्ष कामातून उडालं. नोंदींचा कारभार बघणारी एक मुलगी आहे आमच्याकडे, आम्ही तिला नोंदवाली म्हणतो. तिच्या टेबलाशी जाऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं की एखादा माणूस पानावर आल्यावर काय काय बघतो, ते दिसतं का. ती म्हणाली, "कुठे बोट ठेवलं ते दिसतं काका, मनात काय आहे ते नाही दिसत. आणि गावावर तर फार भरवसा ठेवूच नका. मागे साहेब परदेशातून आले, तिकडचंच सिम फोनात, आणि पलीकडच्या खोलीत बसून स्वतःचंच पान बघत होते. आमच्या नोंदीत साहेब दोन दिवस समुद्रापार. मी म्हटलं, साहेबांचा पगार कुठल्या पैशात द्यायचा मग?" मी हसलो. ती हसली म्हणून हसलो, माझं लक्ष पडद्यावर होतं. तिनं दोन कळा दाबल्या आणि त्या पाहुण्याची बोटं दाखवली. पहिले दोन दिवस फक्त अंतर. मग वेळ. मग मधे कुठे थांबावं लागतं का. आणि आजच्या तारखेला, खाली बारीक अक्षरात आम्ही एक भाग ठेवलाय तो उघडलेला होता, लहान मूल सोबत असेल तर. तो अकरा मिनिटं उघडा होता. नोंदवाली म्हणाली, काका, बसा, पाणी देऊ का. तो येणार आणि गोटीला घेऊन जाणार, एवढंच मला समोर दिसत होतं.

दुपारभर मी खुर्चीत बसून होतो आणि मला पृथ्वीचा गोल आठवत होता. बयो सहा-सात वर्षांची असताना मी घरी जुना गोल आणला होता, ऑफिसनं टाकून दिलेला, एका ध्रुवापाशी चेपलेला. त्यावर दोरा ताणून अंतर काढायचं मी तिला शिकवलं. दोऱ्याचं एक टोक मी धरायचो, दुसरं तिच्या अंगठ्याखाली. दोरा ताणला की तो नकाशातल्यासारखा आडवा जात नाही, वर सरकतो, बर्फाळ भागावरून जातो. तिला ते खोटं वाटायचं. वाटेत कोण राहतं बाबा? कुणी नाही, बर्फ. मग विमान तिथून कशाला जातं? जवळ पडतं. आणि बिघडलं तर? नाही बिघडत. पण बिघडलं तर कुणाला हाक मारायची? मी म्हणालो होतो, तिथून पुढच्या विमानतळाला एक तास चाळीस मिनिटं. मला वाटलं मी उत्तर दिलं. तिनं अंगठा काढून घेतला आणि दोरा सुटला. त्या दुपारी, तीस वर्षांनी, मला तो अंगठा दिसत होता, नखाभोवती पांढरा पडलेला, दोरा इतका जोरानं दाबून धरलेला.

त्याच संध्याकाळी मी एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. सगळे गेल्यावर यायची वेळ बदलली. पंधरा वीसचे सतरा वीस केले. चोरमिनिट नव्हे, चोरतास म्हणा, दोन अख्खे. वर एक ओळ घातली, या मार्गावर वाऱ्यामुळे विलंब होतो, शक्यतो प्रवास टाळावा. मला काय वाटलं होतं, दोन तास जास्त बघून तो माणूस म्हणेल की राहू दे, लांब आहे? हसू येतं आता. पण हाताशी दुसरं काही नव्हतं. कुणी दार लावतं, कुणी काठी घेतं. माझ्याकडे तास होते, मी ते वाटेत घातले.

घरी येताना कुलूपवाल्याला घेऊन आलो आणि दाराचं कुलूप बदललं. बयोनं विचारलं, जुनं चांगलं होतं की. मी म्हणालो, अडकत होतं. गोटी नव्या किल्लीनं खेळत बसली. दुसऱ्या दिवशी बालवाडीत जाऊन बाईंना सांगितलं की मुलीला आई आणि मी सोडून कुणाच्याही हाती द्यायचं नाही, कुणी बाप म्हणवून आला तरी नाही. बाई चांगल्या होत्या, त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका आजोबा. आई सोडायला येते वेळेवर, न्यायला येते वेळेवर. परवा तर विचारत होती, पुढच्या महिन्याची फी आत्ता भरली नाही तर चालेल का. म्हटलं चालेल हो." मला ते ऐकू आलं, पण कानावरून गेलं. मी बाहेर पडून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होतो. उंच, खांदे किंचित पुढे आलेला, हात वर करून नमस्कार करणारा माणूस मला आता कुठेही दिसायचा. बँकेच्या रांगेत पाठमोरा. लिफ्टच्या जाळीतून वर जाणारे बूट. एकदा बसच्या खिडकीतून दिसला म्हणून मी दोन थांबे आधी उतरलो आणि मागे पळत गेलो, तर तो कुणी पोस्टातला कारकून होता, आणि बिचारा घाबरला.

बयोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला भीती नको वाटायला, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण तिची आई असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. तिनं ते तीन वर्षांपूर्वी सांगितलंच होतं. तेव्हा एका संध्याकाळी सहाच्या सुमारास बयोचा फोन आला. नेहमीसारखा पडदा नाही, नुसता आवाज. म्हणाली, बाबा, तिकडे यायला किती वेळ लागतो हो? मी म्हणालो, पंधरा वीस, तोंडावर वारा असतो ना. ती म्हणाली, बरं. मी म्हणालो, एक थांबा घेतलास तर एकोणीसपर्यंत जाईल. ती पुन्हा म्हणाली, बरं, आणि फोन बंद झाला. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणत होती? काही नाही, वेळ विचारत होती. हिनं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन माझ्यापुढे उभी राहिली. "दोनदा आली-गेली आहे ती. तिला वेळ माहीत नाही? माणूस किती वेळ लागतो विचारतं ना, तेव्हा त्याला वेळ नको असते हो. फोन लावा." मी म्हणालो, अगं, तिकडे पहाटेचे चार वाजलेत, उद्या लावू. पहाटेचे चार वाजलेत हे मला नेमकं माहीत होतं. पहाटे चारला मुलगी फोन का करते, हे डोक्यात आलं नाही. हे मी कित्येकदा आठवून पाहिलंय आणि दर वेळी तिथेच अडखळतो. दुसऱ्या दिवशी हिनं फोन लावला तेव्हा जावयानं उचलला, ती झोपलीय म्हणाला. पुढच्या वर्षी ही गेली. तेव्हाही तोच बोलला. बाबा, आत्ता नाही पाठवत तिला, गोटी लहान आहे, इतका लांबचा प्रवास. मी म्हणालो, बरोबर आहे, पंधरा तासांच्या वर जातं.

नोंदी येतच होत्या. यायच्या वेळेत दोन तास घातले तरी त्याचा पाहुण्यावर काही परिणाम दिसेना. तो त्या आकड्याकडे वळतच नव्हता. पाहुण्याची बोटं कशी बघायची ते मला आता कळलं होतं, नोंदवालीला मी पुन्हा विचारायला गेलो नाही, तिनं एकदा माझ्याकडे फार वेळ पाहिलं होतं. शुक्रवारी ओळ आली ती नऊ एकतीसला, आणि शनिवारी आलीच नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. आता तो वाट बघणं संपवून निघाला, असं माझ्या मनानं घेतलं. तिकडून सकाळच्या विमानानं निघाला तर इथे कधी उतरेल, सामान घेऊन बाहेर कधी, गाडीनं आमच्या दारात कधी, सगळं मी कागदाच्या कपट्यावर मांडलं. रविवारी दुपारी एक ते पाच. कपटा खिशात घालून घरी आलो. रात्री जेवताना बयो चांगल्या मूडमध्ये होती, चार महिन्यांत पहिल्यांदा. तिनं माझ्या शर्टाची बटणं लावून ठेवली होती, मधली खोली आवरली होती, माझ्या गोळ्यांच्या डबीत पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे भरून ठेवल्या होत्या. मला बरं वाटलं. पोरगी सावरतेय म्हटलं. फ्रिजच्या मागच्या प्लगाला एक परका जोड लावलेला दिसला, तिकडच्या चार्जरला लागतो तसा, चौकोनी खुंट्यांचा. गोटीचं एखादं खेळणं असेल म्हणून मी तो काढून बाजूला ठेवला.

रविवारी मी दुपारी एकपासून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. तिथून फाटक दिसतं. बयो टेबलाशी बसून गोटीची नखं कापत होती, मेणकापडावर नखांचे बारीक चंद्र पडत होते आणि गोटी ते बोटानं एका ओळीत लावत होती. घरात ऊन आलं होतं. चार वाजत आले. एक गाडी फाटकाशी थांबली, त्यातून खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उतरले, मी श्वास सोडला. आणि गोटी म्हणाली, "आजोबा, तेरा तास सत्तावन्न मिनिटं म्हणजे किती झोपा?"

नेलकटरचा आवाज थांबला. मला काही समजण्याच्या आत माझं तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "सत्तावन्न नाही. तेरा पन्नास." एकतीस वर्षांची सवय, चुकीचं मिनिट ऐकलं की दुरुस्त करायचं. मग एकेक जागेवर बसत गेलं. सत्तावन्न फक्त माझ्या पानावर आहे. पान उघडणारं तिकडे नव्हतं. तिकडचं सिम फोनात आणि माणूस पलीकडच्या खोलीत, हे मला हसत हसत सांगितलं गेलं होतं. नऊ चाळीस म्हणजे मी ऑफिसात पोचलेलो असतो, गोटी बालवाडीत असते, घर रिकामं असतं. रविवारी ओळ नसायची कारण रविवारी मी घरी असतो. यायच्या वेळेकडे पाहुणा वळत नव्हता कारण त्याला यायचं नव्हतंच. मी नवं कुलूप घालून, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत, बारा हजार किलोमीटरवरून येणाऱ्याची वाट पाहत होतो, आणि जाणारी माझ्यापुढे चहा ठेवत होती.

बयो माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही, दचकली नाही. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मी म्हणालो, "नाही गं. आत्ता कळलं."

"खरी वेळसुद्धा तोंडपाठ आहे की. माहीत होतं आणि विचारलं नाहीत." ती साध्या आवाजात बोलत होती, गोटीचा हात तिच्या हातात तसाच होता. "तुम्हाला विचारून काय, तुम्ही आकडाच सांगणार. म्हटलं आकडाच बघायचा तर तुमच्या पानावर बघू. रोज बघायचे. तुमचंच पान, म्हणून बरं वाटायचं जरा. गुरुवारचं तिकीट आहे बाबा."

"तो तुला..." मी म्हणालो.

"तो फोन करतो. रोज. कधी येतेस विचारतो, काय खाल्लंस विचारतो. बदललोय म्हणतो." तिनं खांदे उडवले. "तुम्हाला खरं सांगू, नसेल बदलला. पण विचारतो तरी."

गुरुवार. चार दिवस. मी चार दिवसांचे तास काढणार होतो, निघालेच होते ते डोक्यात, मी ते मागे लोटले. तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटाशी हाड थोडं वर आलंय, ते मी रोज बघत होतो, ताटात वाढताना, गोटीचे केस विंचरताना. तो प्रश्न चार महिने नव्हे, तीन वर्षं माझ्यापाशी होता. बापाचा प्रश्न होता, फार मोठा नव्हता, चार-पाच शब्दांचा. मी तो विचारला. म्हणालो, "बयो, हात कसा मोडला होता गं?"

तिनं गोटीचा हात सोडला. नेलकटर मेणकापडावर ठेवला, उघडाच. तिचा चेहरा बदलला, कसा ते मला सांगता येणार नाही, पण गोलावर दोरा धरून विचारायची तेव्हा असा असायचा. ओठ ओले केले. एकदा गोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू, जवळजवळ लाजत म्हणाली, "वेळ आहे तुम्हाला?"

आणि मी घड्याळाकडे पाहिलं. मला वेळ नव्हता असं नाही, मला मरेपर्यंत वेळ होता. पण वेळ हा शब्द ऐकला की माझे डोळे तिकडे जातात, एकतीस वर्षं जातायत, मी त्यांना पाठवलं नव्हतं. फ्रिजच्या वरचं घड्याळ, चार वाजून वीस मिनिटं. एका क्षणाची गोष्ट. डोळे परत आणले तेव्हा तिनं नेलकटर उचलला होता.

"दुसरा हात दे," ती गोटीला म्हणाली.